शेवटच्या पूजेचं सामान

आमचं दुकान अंत्यविधीच्या सामानाचं. बांबू, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गोवऱ्या, सगळं एका ठिकाणी. घर पुंडलिकनगरला, दुकान थोडं पुढं, रस्त्यावरच. मी कॉलेजात असताना एका विचित्र कुटुंबावरचा सिनेमा आला. त्यातली माणसं दर रविवारी घरातल्या एकेकाच्या अंत्ययात्रेची तालीम करायची. वर्गातल्या पोरांनी लगेच आम्हाला त्या कुटुंबाचं नाव चिकटवलं. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घरी येऊन मी बाबांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले.

त्या सिनेमाचा दुसरा भाग लागला त्याच आठवड्यात मला स्थळ आलं. मुलगा वाळूजला कंपनीत, आईवडील सिल्लोडकडं शेतीवर. स्थळ आणणाऱ्या मामांनी घोळ केला होता. त्यांनी तिकडं ‘पूजेच्या साहित्याचं दुकान’ एवढंच सांगितलं होतं.

पोहे झाले. मुलाच्या आईनं सहज विचारलं, “कोणत्या पूजेचं सामान ठेवता?”

बाबा म्हणाले, “शेवटच्या.”

मामा खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी हातातली बशी खाली ठेवली. मुलगा मात्र फस्सकन हसला आणि मला म्हणाला, “तुम्ही तो पिक्चर पाहिलाय का? त्याचा दुसरा भाग लागलाय.”

“पहिला तीनदा पाहिलाय,” मी म्हटलं. “दुसऱ्याला सगळेच चला की. आम्ही कसे आहोत ते कळेल तरी.”

आई माझ्याकडं डोळे वटारून बघत होती. पण मला माहीत होतं, हे स्थळ लपवाछपवीवर टिकणार नाही, आणि तसं टिकलेलं मला नकोच होतं.

रविवारी दुपारी दोन्ही घरं थिएटरात एका रांगेत बसली. या भागात वारलेले आजोबा परत येतात आणि स्वतःच्याच तेराव्याच्या जेवणाला नावं ठेवतात. “बुंदी कोरडी!” असं ते पंगतीत ओरडले, तेव्हा सगळं थिएटर हसलं. आमच्या रांगेत दोन खुर्च्या पलीकडं मुलाची आई पदर तोंडाशी धरून खाली बघत होती. मनात म्हटलं, गेलं स्थळ.

मध्यंतरात बाई बाबांना म्हणाल्या, “आमचे सासरे गेले तवा लई पाऊस होता. भावकीतले सगळे अडकलेले. तालुक्याच्या एका दुकानदारानं सामान गाडीत टाकून आणलं, अन् तिरडीबी त्यानंच बांधली. आम्ही त्याला साधं चहाचंही विचारलं नाय.”

“त्या घाईत कुणाला सुचतंय, ताई,” बाबा म्हणाले. “आम्हाला ठाऊक असतं ते.” आणि त्यांनी पॉपकॉर्नचा पुडा त्यांच्यापुढं धरला.

उत्तरार्धात आजोबा आपल्याच फोटोचा हार काढून दुसऱ्या फोटोला घालतात. त्यावर बाई एवढ्या हसल्या की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “पोरगी पसंत हाय. फक्त लग्नाला तुमच्या दुकानातलं काय आणू नका.”

“नाय आणत,” बाबा म्हणाले. “तसंही आमच्याकडं मुहूर्त बघून कुणी येत नाय.”

लग्नानंतरही मी दुकानात बसते. हे आधीच ठरवून घेतलं होतं. मागच्या महिन्यात सासूबाई पहिल्यांदाच दुकानात आल्या आणि स्टुलावर अवघडून बसल्या. तेवढ्यात एक गृहस्थ आले. त्यांची आई गेली होती, पण काय मागायचं तेच त्यांना सुचेना. मी कापड काढायला वळले. मागं वळून पाहते तर सासूबाईंनी त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं होतं आणि माठातलं पाणी हातात दिलं होतं.

“आधी पाणी प्या भाऊ,” त्या म्हणत होत्या, “सामानाचं आम्ही बघतो.”