ठिपक्यांचा नकाशा आणि माझं पत्रक

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. आईबाबा दोघेही हॉस्पिटलच्या युनियनमध्ये, त्यामुळे मी अक्षरं ओळखायला शिकले तीच ‘आमच्या मागण्या’ वाचून. गेल्या वर्षी इथे इंग्लंडात, मेडनहेडच्या एका हॉलमध्ये जुन्या होम कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरलं. तिथे आत्याने केलेल्या कॉम्प्युटर गेमखालच्या पाटीवर फक्त तिच्या जुन्या साहेबाचं नाव दिसलं. मी आधी पत्रक छापलं, मग आत्याकडे गेले.

ऐंशीच्या दशकात आत्या त्याच गावातल्या एका छोट्या कंपनीत होती. साहेबाने लढाईचा गेम मोठ्या कॉम्प्युटरवर लिहिला होता. तो कॅसेटवरून गेम चढवायच्या छोट्या मशीनवर आणायचं काम आत्याचं. दोन्हींचे प्रोसेसर वेगळे, म्हणजे नक्कल शक्यच नाही. ओळ न् ओळ नव्याने लिहायची. नकाशावर सैन्य हलवायला षटकोनी घरं लागत; ती काढायला मेमरी पुरेना, तेव्हा आत्याने रेघाच काढल्या नाहीत. रांगोळीत मांडतो तसे एकाआड एक ओळ सरकवून नुसते ठिपके ठेवले. षटकोन खेळणाऱ्याने मनात जोडायचे!

“डोकं तुझं आणि पाटीवर नाव त्याचं! अन्याय आहे हा.”

“बस आधी. चहा घे, क्रांती कुठे पळून जात नाही.” आत्याने चष्मा लावून पत्रक वाचलं आणि लाल पेन उचललं. “‘सगळं हिने एकटीने केलं.’ कोणी सांगितलं तुला?”

“मग?”

“नियम साहेबाचेच, आणि झकास होते. शिवाय तिसऱ्या एका मशीनची आवृत्ती लंडनजवळच्या इल्फर्डच्या एका मुलीने केली. माझ्या आवृत्तीत कॉम्प्युटरचा शत्रू सैन्य घेऊन सरळ नदीत उतरायचा. त्याला अक्कल तिने दिली, मग मी ती माझ्याकडे घेतली. ती कुठंय यात?”

 “ज्यासाठी साहेबाला झोडपलं तोच गुन्हा माझ्याही हातून झाला की,” मी म्हणाले.

“त्याने एकदाच केला गं,” आत्या म्हणाली. “तू शंभर प्रती काढल्यास.”

शनिवारी आम्ही हॉलवर गेलो. पिशवीतली पत्रकं मी बाहेर काढलीच नाहीत. आत्या संयोजक आजोबांशी दोन मिनिटं बोलली, आणि त्यांनी मार्करच तिच्या हातात दिला. साहेबाखाली तिने इल्फर्डच्या बाईंचं नाव लिहिलं. स्वतःचं शेवटी, पण एवढ्या ठसठशीत अक्षरांत की दारातूनही वाचता यावं.

“नुसती बघतेस काय? फोटो काढ,” ती म्हणाली. “आणि इल्फर्डला पहिला पाठव.”