टाचेमागची कंडरा

धडधाकट कंडरा मुद्दाम कापल्याने पाय सुधारतो कसा? नागपूरजवळच्या बेशातील शेजारी मला हा प्रश्न विचारतात. उत्तर माझ्या डाव्या पायात आहे, म्हणून ते क्रमाने सांगतो.

मी तेव्हा हवालदार होतो. बर्फातील आमच्या पोस्टवर दहा जवान होते. सकाळी पाच चाळीसला गस्तीवरून परतताना दगड कोसळला आणि माझी नडगी मोडली. नागपूरच्या महाल भागातला शिपाई धनराज पायाला फळी बांधू लागला.

"उस्ताद, पंजा वर घ्या. कोर्समध्ये काटकोनात बांधाले सांगतलं होतं."

"दुखून राहिलं. खालीच राहू दे. ऑर्डर आहे."

"ऑर्डर तं ऑर्डर. मंग मले बोल नका लावू."

चूक माझी होती.

रेडिओवर उत्तर आले, "मौसम खराब. हेलिकॉप्टर नहीं आएगा. ओवर." नऊ दिवस थांबलो. धनराज रोज माझ्या बोटांना चिमटा काढी. "जिवंत हायेत, उस्ताद. वरातीत नाचाले चालन."

दहाव्या दिवशी चौघांनी मला स्ट्रेचरवरून खाली उतरवायला घेतले. अकरा वाजून दहा मिनिटांनी वरून बर्फ सुटला. मागचे टोक धनराजच्या हाती होते. त्याने स्ट्रेचर जोराने पुढे ढकलले. आम्ही चौघे वाचलो. तो तीन तासांनी सापडला.

नडगीवरची जखम चिघळली, पाय कित्येक महिने हलवता आला नाही. हाड जुळले, पण पंजा खालीच राहिल्याने कंडरा आखडली आणि टाच जमिनीपासून तीन बोटे वर राहिली. टाच टेकल्याविना सावधान उभे राहता येत नाही. वर्दी उतरणार, हे मला दिसत होते.

लष्करी रुग्णालयातील मेजर सर्जननी समजावले. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी म्हणजे कंडरा. ती आखडली, तर बारीक छेद देऊन सैल करतात, पंजा काटकोनात आणून प्लास्टर घालतात. मधली फट शरीर स्वतः भरते. जन्मतः पाऊल आत वळलेल्या बाळांना आणि स्नायू ताठरलेल्या काही मुलांनाही याचा उपयोग होतो.

माझी कंडराही त्यांनी तशीच सैल केली आणि सहा आठवड्यांनी टाच टेकली. त्या सर्जनच्या हातांचे ऋण फिटणारे नाही.

पहिला सॅल्यूट मी महालात, धनराजच्या फोटोला केला. त्याची आई म्हणाली, "बस ना गा बाबू. किती वेळ उभा राहशीन?"

मी उभाच राहिलो. तिच्या मुलाने मला त्यासाठीच पुढे ढकलले होते.

कापण्याच्या भीतीने पाऊल वळलेल्या बाळाला रुग्णालयातून माघारी नेऊ नका. केवळ माझ्या शब्दावरही विसंबू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा आणि स्वतः खात्री करून घ्या.