साजियाने लिहिलेला 'मी'

भोकरदनच्या बसस्टँडजवळ लालमियाँचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांची मुलगी साजिया कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स घेऊन. तिच्याच बाकावर टेंभुर्णीहून एसटीनं येणारी दैवशाला बसायची.

दोघींनी मिळून एक प्रयोग केला होता. काचेच्या उंच नळीत एरंडेल भरायचं, त्यात सायकलचा छर्रा, म्हणजे बेअरिंगची गोळी, सोडायचा आणि तेल तापत जाईल तसा तो किती वेगानं तळाशी जातो ते मोजायचं. छर्रे लालमियाँच्या दुकानातले. पण गरम तेलात छर्रा झपकन जायचा, घड्याळ दाबणारा हात मागे पडायचा आणि दर वेळी आकडा वेगळा यायचा. शेवटी दैवशाला म्हणाली, "मोबाइलवर स्लो मोशनमदी शूटिंग करू. मंग हाताचा संबंधच न्हाई." तेव्हापासून आकडे जुळायला लागले. आलेख आणि गणितं साजियानं केली.

बंगळुरूची एक संशोधन संस्था उन्हाळ्यात दोन महिने विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत काम करायला बोलावते, हे त्यांना फिजिक्सच्या मॅडमनी सांगितलं. दोघी कॉम्प्युटर रूममध्ये शेजारी बसून अर्ज भरायला लागल्या. एक प्रश्न होता : प्रयोगात आलेली अडचण कशी सोडवली? साजियानं इंग्रजीत लिहिलं, 'आम्ही शूटिंग करायचं ठरवलं.' मग देशभरातून येणारे अर्ज तिच्या डोळ्यांपुढे आले. तिनं 'आम्ही' खोडलं आणि 'ही कल्पना मला सुचली' असं केलं. शेजारी दैवशाला एका शब्दाचं स्पेलिंग शोधत होती.

साजियाची निवड झाली. दैवशालाची झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दैवशाला पेढे घेऊन आली. "तू गेली म्हंजी अर्धी मी गेले, काय?" साजियानं पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. लालमियाँ येईल त्या गिऱ्हाइकाला बातमी सांगत होते. जेवताना अम्मी, खैरुनबी, विचारायची, "खाती क्यूं नइ गे?" परीक्षेचा ताण आहे, असं साजिया सांगायची. वर्गात दैवशाला हसून बोलली की साजिया वहीत तोंड खुपसायची. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं वाटायचं.

शेवटी एका दुपारी टेंभुर्णीच्या गाडीची वाट बघताना तिनं सगळं सांगून टाकलं. दैवशाला समोरच्या रसवंतीकडे बघतच बोलली.

"मी काय लिहिलं म्हाईत हाय का? दोघींनी केलं, असं लिहिलं. तुझं नाव बी टाकलं."

"माझं चुकलं, दैवशाला."

"चुकलं न्हाई. तू इचार करून लिहिलं."

गाडी लागली. ती चढली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली.

साजियानं त्याच दिवशी संस्थेला मेल केला. कल्पना दैवशालाची होती, मी खोटं लिहिलं, जागा काढून घेतली तरी तक्रार नाही, आणि देता आली तर तिला द्या. उत्तर यायला आठवडा गेला. खरं सांगितल्याची नोंद घेतली आहे, निवड आलेख आणि गणितांवरून झाली, ती कायम आहे. मात्र जागा दुसऱ्याला देता येणार नाही.

जागा राहिली म्हणून साजियाला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीच तिला लाज वाटली. ती बंगळुरूला गेली. तिथं मन लावून काम केलं, शिकली. दैवशालाला फोन लावायची, तो वाजून बंद व्हायचा.

कॉलेज पुन्हा सुरू झालं तेव्हा दैवशालानं नव्या प्रयोगासाठी अर्पिता नावाची जोडीदार घेतली होती. साजियानं बंगळुरूच्या टिपणांची झेरॉक्स दैवशालापुढे ठेवली. तिनं ती घेतली, वाचली, दोन शंकाही विचारल्या. बाकी काही नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी त्याच संस्थेत दैवशालाची निवड झाली. साजियाला ते मॅडमकडून कळलं. ती धावत तिला शोधत गेली.

"अभिनंदन," ती कशीबशी म्हणाली.

दैवशालानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि बाकावर थोडं सरकून घेतलं. "बस. तिथं खायला काय मिळतं ते सांग आधी."

साजिया बसली आणि सांगायला लागली. सांगताना तिला मान वर करता येत नव्हती.