पुढून पाटा की बार?

सांगा बरं, जुनी पिकअप घेताना विश्वास कुणावर ठेवायचा? मालकावर, एजंटावर की आरसी बुकावर? मी कुणावरच ठेवत नाही. सरळ गाडीखाली वाकतो! नाशिकला द्वारका चौकाजवळ माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. झिजलेले रबरी बुश कोपऱ्यात साठतात ना, तसे इथे किस्से साठतात.

•

मालेगावचा एकजण तावातावाने आला. "शेठ, माझी आणि भावाची पिकअप एकाच नावाची, एकाच रंगाची. मग त्याचे पार्ट माझ्या गाडीला बसत का नाहीत?"

आमचे रफिकमिस्त्री म्हणाले, "तुमची जुनी, त्यांची नंतरची. भावाची चप्पल घालून बघा!"

भाऊ सोबतच होता. यानं खरंच घातली, चार पावलं लंगडला. "चावते राव!"

•

कळवणचे नाना घाईत होते. सुनेचे दिवस भरत आलेले, तिला नाशिकच्या दवाखान्यात आणायचं, आणि घरात वाहन एकच, जुनी पिकअप. "धक्का बसला नाय पाहिजे, शेठ!"

मी विचारलं, "गाडीला पुढून पाटा आहे की बार?"

नाना दुखावले. "माळकरी हाय मी. गाडीत बार कुठला!"

पाटा म्हणजे एकावर एक पट्ट्यांची स्प्रिंग आणि टॉर्शन बार म्हणजे तिच्या जागी पिळला जाणारा लोखंडी दांडा, हे समजावेपर्यंत चहा गार झाला.

•

मिस्त्री गाडीखालून ओरडले, "पाटा आहे! एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही हलणार. बारवाल्यात ज्याचं त्याचं वेगळं."

नाना म्हणाले, "म्हंजी माझी एकत्र कुटुंब, आन् ती फ्लॅट शिष्टिम! मंग मला बार बसवून द्या."

"काका, तुमच्या चेसिसला त्याची जागाच नाही."

नानांचा चेहरा उतरला. "मंग पोरीचं कसं?"

आम्ही बुश बदलले, पाटे खोलून ग्रीस भरलं. निघताना मी बजावलं, "हळू चालवा. आणि मागे वजन टाका, रिकामी पिकअप फार उडते."

•

आठवड्याने नानांचा फोन. "शेठ, नात झाली! दोघी बऱ्या हायेत. सून म्हनली, पाळन्यात बसल्यागत आले!"

"वजन काय टाकलं?"

"कांदा तर कधीच इकला. मंग भावकीतल्या जाडजूड बाया बसवल्या मागं!"

दवाखान्याच्या गेटवर वॉचमनने अडवलं होतं. "एवढे नातेवाईक आत सोडता येणार नाहीत."

नाना म्हणाले, "नातेवाईक कुठं? सस्पेन्शन हाय ते!"

तर मंडळी, हा किस्सा पुढे सांगाल तेव्हा आकडा फुगवू नका. मागे बाया पाचच होत्या.