गवयाच्या मागून वाजवणारी

चेन्नईचा वाद्यवृंद वर्षातून एकदा आमच्या कुंभकोणमला येतो. पगारी कलावंत, पाश्चात्त्य वाद्यं, मुक्काम आठवडाभर. सकाळी इस्पितळाच्या अंगणात वाजवतात, दुपारी शाळांत आणि शेवटच्या संध्याकाळी मंगल कार्यालयाच्या मंडपात मोठी मैफल. मी जवळच्या नाचियार्कोविल गावच्या पितळी समया विकणारा माणूस, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण ती माणसाएवढी व्हायोलिनं घुमू लागली की पायाखालची फरशी थरथरते आणि माझं तोंड उघडंच राहतं.

दर वर्षी एक रचना ते गावातल्या कलावंताबरोबर वाजवतात. यंदा माझ्या बायकोला बोलावलं. ती जन्मभर गवयांना व्हायोलिनची साथ करत आली. साथीचा आमच्याकडचा नियम एकच: गवयाने स्वर लावायचा, तिने मागून जायचं. पुढे गेली तर तो उद्धटपणा.

तालमीत ती चौरंगावर मांडी घालून बसली, बाकीचे खुर्च्यांवर. वृंदाची संचालिका हात उचलून थांबली. बायकोही गज धरून थांबली. दोघी आपल्या एकमेकींकडे बघतायत! शेवटी संचालिका तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, सुरुवात तुमची. आम्ही तुमच्या मागून येणार." बायकोने गज ओढला तो कापरा, आणि दोन स्वरांतच थांबली.

घरी आल्यावर आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "मज मागें जायचें तेवढेंच येतें. उद्या मी येत नाही."

"घरांत तर मीच तुझ्या मागें असतों," मी म्हणालो.

ती हसली नाही. सगळं गाव येणार होतं आणि तिला खरोखर भीती वाटत होती. मलाही. तरी दुसऱ्या संध्याकाळी तिने गजरा माळला.

मंडप गच्च भरला. दाराशी सकाळच्या लग्नाचे केळीचे खांब तसेच बांधलेले. लोक ताल धरायला मांडीवर हात ठेवून तयार. संचालिकेने मान लववली. बायकोने डोळे मिटले आणि पुढे कोणी गात नसताना हंसध्वनीचा पहिला स्वर लावला. स्वच्छ, जराही न कापता. मग ती रंगतच गेली. देवा, हे सगळं हिच्यात होतं? इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं हिने?

वरच्या षड्जावर येऊन तिने तो स्वर धरून ठेवला, ठरलं होतं त्याहून कितीतरी जास्त वेळ. पन्नासेक कलावंत गज उचलून तिच्याकडे बघत होते. संचालिकेचा हात हवेतच राहिला. सगळे तिच्यासाठी खोळंबले होते, आणि माझ्या बायकोला मुळीच घाई नव्हती.