साहेबाची विलायती दुनळी

मंडळी, तुम्ही कालपासून विचारून राह्यले, ती नवी विलायती दुनळी बंदूक तिच्या किमतीची आहे का? आत्ताच राजूरहून आलो, सांगतो.

तिथल्या खाणीवरच्या साहेबानं ती हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्या नेम धरून फोडायच्या खेळासाठी घेतली. तेवढ्या पैशात आपल्याकडे बैलजोडी आन वर जुंपायले बंडी येते. "चालवून पाहा, आन खरं सांगा," म्हणून त्यानं मले बोलावलं.

बंदूक खांद्याले अशी बसली, जशी माप घेऊनच केली. वजन जाणवतच नाही.

चकत्या फेकायचं यंत्र घेऊन एक माणूस बाजूले बसला होता. मी नेम धरून उभा राह्यलो. काहीच उडालं नाही.

साहेब म्हणाला, "अहो, तुम्ही 'फेक' म्हणा ना! त्याशिवाय तो कसा फेकणार?"

मले हे ठाऊकच नव्हतं. आमच्या केळापूरच्या माळावर माझा मोठा भाऊ, दादा, कुंभाराच्या पणत्या न सांगताच हातानं फेकायचा, आन मी त्या बंदुकीनं फोडायचो. मी म्हणायचो, "दादा, सांगून तं फेक!" तो हसायचा. "कायले? तितर तुले सांगून उडते काय?"

महाराष्ट्र झाला त्या साली दादा गेला. त्यानंतर बंदूक आजच हाती घेतली.

"फेक," म्हटलं. पहिलीच चकती हवेत फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बंदूक किमतीची आहे, मंडळी. तिच्यात खोट नाही.

पण दुसऱ्या चकतीले मी पुन्हा गप्पच उभा राह्यलो. या वेळी 'फेक' म्हणायचं ठाऊक होतं. तुम्हीच सांगा, कोणी न सांगता फेकंल, याची वाट किती वेळ पाहावी?