फोमची कड आणि हर्षालीताईची हळद

आमच्या घरात बिघडलेली वस्तू दुरुस्त करत नाहीत. तिच्यावर कापड टाकतात. शिलाई मशीन, जुना टीव्ही आणि पप्पांचे दोन मोठे लाकडी स्पीकर हे सगळे आमच्या ब्राह्मणपुरीच्या घरात वर्षानुवर्षं विणलेल्या रुमालांखाली सुखाने बिघडलेले होते.

स्पीकर पप्पांनी पहिल्या पगारातून घेतलेले. काकांच्या मुलीचं, हर्षालीताईचं, लग्न ठरलं, पाहुण्यांसाठी जागा करायला काका घरभर फिरू लागले आणि त्यांचं बोट नेमकं त्या रुमालांवर थांबलं.

"हाई धूड भंगारमा दी टाक रे भाऊ," काका पप्पांना म्हणाले. "बोलतस का तरी त्या?"

पप्पांनी फक्त स्पीकरवरचा रुमाल हाताने सरळ केला. ते मला बघवलं नाही, आणि आयुष्यात प्रथमच मी मोठ्या माणसांच्या मध्ये बोलले.

"मी करते दुरुस्त."

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. (मी बोलले की नेहमीच पाहतात, लोकांना आधी आवाज कुठून आला ते शोधावं लागतं. त्यात मी घरातही शाळेतलंच मराठी बोलते. काका त्याला 'बातम्या' म्हणतात.)

"तू?" काका म्हणाले. "ठीक शे. हळदले वाजनात तर ऱ्हावू दे. नही वाजनात तर दुसरे दिन भंगारवाला."

शाळेच्या कृपेने ध्वनीची व्याख्या मला पाठ होती. स्पीकर उघडल्यावर तिचा काडीचा उपयोग झाला नाही. आत सगळं शाबूत होतं: हलून आवाज काढणारा कागदी कोन, मागचं चुंबक, तारा. गेली होती ती फक्त कोनाभोवतीची फोमची कड. तिला सराऊंड म्हणतात. कोनाला धरूनही ठेवायचं आणि हलूही द्यायचं, अशी दोन्ही कामं ती करते. (आमच्या आईसारखी.) बोट लावलं, तर ओल्या भुशासारखी हातात आली.

शहाद्याचा दुकानदार म्हणाला, कोनच नवा टाकू. पण मग पप्पांच्या ओळखीचा आवाज कुठून येणार? मी मोजमाप घेऊन ऑनलाइन फोमच्या कडा मागवल्या. त्या येईपर्यंत घरातले सगळे तज्ज्ञ झाले. आई म्हणाली, ब्लाउजचं अस्तर लाव. काकांनी तर मी नसताना ट्रॅक्टरची ट्यूब कापली आणि पंक्चरच्या सोल्युशनने एका स्पीकरला चिकटवूनही टाकली.

"देख, जन्मभर चाली."

चालली असती. कारण ती हलतच नव्हती. रबराची कडही असते, पण ट्रॅक्टरचं वजन पेलणारी नसते. गाणं लावलं, तर गायक गोधडीतून गात होता.

"आवाज दबतोय, काका."

"मंग चांगलंच शे ना," काका म्हणाले.

स्पीकर लाकडी खोक्यांतून बाहेर काढून मी ट्यूब सोलली. फोमच्या कडा आल्या. त्या चिकटवताना खरी कसोटी असते कोन मधोमध बसवण्याची. केसभर सरकला तरी मागची तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, चुंबकाला घासते आणि खर्रर्र आवाज येतो. मी दोन्ही अंगठ्यांनी कोन दाबून धरला, श्वास रोखला, कान लावला. नेमकं तेव्हाच अवेळी आभाळ भरून आलं, आणि गच्चीवर वर्षभराच्या मिरच्या वाळत होत्या. आई घमेलं घेऊन धावत खाली आली.

"ह्या लाकडाना खोका रिकामा शेतस ना वं? मिरच्या ठेवू का त्यामा?"

"हं," मी म्हणाले. त्या क्षणी आईने 'तुले ठेवू का?' विचारलं असतं, तरी मी 'हं'च म्हणाले असते.

पाऊस आलाच नाही. दुसऱ्या दिवशी मिरच्या परत गच्चीवर गेल्या. खोक्याच्या आत लावलेला कापूस मला जरा लालसर वाटला. जुना माल, रंग बदलतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि स्पीकर बसवले. सगळ्या फटी बुजवल्या. आता हवा जाणार-येणार ती फक्त पुढच्या बाजूला खाली असलेल्या, वाटीएवढ्या गोल भोकातून. हळू आवाजात वाजवून पाहिलं. घासणं नाही, फडफड नाही. इतकं सुंदर काम मी आजवर केलेलं नव्हतं. सांगायला जवळ कोणी नव्हतं म्हणून मी स्पीकरलाच सांगितलं.

हळदीच्या दिवशी काका मुद्दाम स्पीकरसमोरच खुर्ची टाकून, हाताची घडी घालून बसले. मध्ये पाटावर हर्षालीताई, भोवती काकू आणि मावश्या. पप्पा स्पीकरच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी बटण फिरवलं.

आधी सनई वाजली. स्वच्छ. पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच जमिनीकडे पाहिलं.

मग ढोल सुरू झाला. नव्या कडेने तिचं काम चोख केलं: कोन मागे गेला, पुढे आला, आणि खोक्यातली हवा भोकातून जोरात बाहेर पडली. हवेबरोबर कापसात जे होतं, तेही.

काकांनी नाक चोळलं. मग डोळे. मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाशी धरला. काकूंनी पदर लावला. हर्षालीताईच्या गालांवरून हळदीचे ओघळ वाहू लागले. मागे सुरक्षित उभ्या असलेल्या पप्पांना वाटलं, गाणं लोकांच्या काळजाला भिडलं. त्यांनी आवाज वाढवला!

तेवढ्यात नवरदेवाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. नवरदेवाची आत्या दारातच थबकली.

"ओ माय! कितला जीव शे यास्ना पोरवर," म्हणत ती आत आली, हर्षालीताईजवळ बसली आणि बघता बघता सगळ्यांपेक्षा जोरात रडू लागली. "रडू नको बेटा, आते तू आम्हनीच आंडेर, आम्हनीच पोर शे." दोघी गळ्यात पडल्या.

मी उठून बटण बंद करायला हवं होतं. पण ढोलाचा ठोका इतका भरीव येत होता, की गाणं संपेपर्यंत माझ्याने उठवलं नाही. (कड फाटकी असती तर मिरचीचा कणही बाहेर आला नसता, हे कृपया लक्षात घ्यावं.)

गाणं संपलं. काका लालबुंद डोळ्यांनी उठले. पोरीच्या हळदीत बाप मिरचीने रडला असं कबूल करणं शक्यच नव्हतं.

"ऱ्हावू दे भाऊ त्यास्ले," ते घोगऱ्या आवाजात पप्पांना म्हणाले. "काय आवाज शे."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याला काकांनीच परत पाठवलं.

तेव्हापासून पप्पा भेटेल त्याला सांगतात, "मन्ही आंडेरनी असा स्पीकर करात का, मानसे रडी पडनात." त्या आत्याने तर स्वतःच्या मुलीच्या पाठवणीला हेच स्पीकर मागितले आहेत. आतला कापूस बदलावा की तसाच ठेवावा, यावर आई आणि मी अजून विचार करतोय.

कड फोमचीच का लावली, रबराची का नाही, असं कोणी विचारलं तर सांगायला मी एक सविस्तर, मुद्देसूद उत्तर पाठ करून ठेवलं आहे. आरशासमोर सरावही केलाय. अजून एकानेही विचारलेलं नाही.